उभा राहिलेला बंब : १४ एप्रिल १९४४ ची वर्दी आणि आपल्या शहरांचा हिशेब



१४ एप्रिलला सकाळपासून रस्त्यावर बाबासाहेबांच्या जयंतीची गर्दी असते. त्याच सकाळी देशभरच्या बंबखान्यांमध्ये आणखी एक छोटा कार्यक्रम होतो. जवान गणवेशात रांगेनं उभे राहतात, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते आणि २० एप्रिलपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह चालतो. दांडिया बाजारातल्या मंडळींना हे नवं नाही, आपल्याकडे तर बंबखाना दारातच. आमची आजी त्याला बंबखाना म्हणायची, शेजारचे बंबाखाना म्हणायचे. तिथून निघणारी गाडी आमच्यासाठी आगीचा बंब आणि त्यांच्यासाठी लायबंबो. आताची मुलं सरसकट फायर ब्रिगेड म्हणून मोकळी होतात.

ही तारीख आली मुंबईच्या गोदीतल्या स्फोटावरून. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत त्या स्फोटाची एखादी तरी गोष्ट असतेच, कारण बहुतेकांचं एखादं बिऱ्हाड तेव्हा मुंबईत होतं. माझी आत्या गिरगावात राहायची. दुपारच्या चहाची वेळ होती, फडताळातली भांडी खणखणत खाली आली, आणि सगळ्यांना वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकला, असं ती सांगायची. इकडे बडोद्याला वर्तमानपत्रात अक्षर नाही. युद्धकाळातली सेन्सॉरशिप होती. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओनं दुसऱ्याच दिवशी बातमी दिली, पण आपल्याकडच्या बातमीदारांना ती पाठवायची परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर मुंबईहून गाडीनं आलेला माणूस सांगेल तेवढंच खरं.

त्यामुळे घराघरांत जे टिकलं, ते अद्भुत तेवढं टिकलं. आकाशातून सोन्याच्या विटा पडल्या. अख्खं जहाज उडून गोदीच्या धक्क्यावर चढलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मी उभी हयात टेलिफोन खात्यात काढली, त्यामुळे माझं लक्ष कायम दुसरीकडे गेलं. त्या दुपारी आगीची वर्दी कुणी दिली, कशी दिली, ऐकणाऱ्याला काय कळलं, आणि मग किती बंब निघाले? सोन्याच्या विटांपेक्षा ही हकिगत मला जास्त महत्त्वाची वाटते. ती नीट समजली की आणखी एक गोष्ट समजते. आपल्या सगळ्यांना जी तक्रार कधी ना कधी करावीशी वाटते, तिचं उत्तर मिळतं. तक्रार अशी: "अहो, तिकडे आग भडकलीय आणि हा बंब इथे नुसता उभा!"

आधी गोदीची हकिगत.

जहाजाचं नाव 'फोर्ट स्टिकीन'. २४ फेब्रुवारी १९४४ ला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं, कराचीला थांबलं आणि १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये एक नंबरच्या धक्क्याला लागलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा. कराचीला त्यात भर पडली ती कापसाच्या हजारो गासड्यांची, तेलाच्या पिंपांची, लाकडाची, गंधकाची. कापूस आणि दारूगोळा एकाच कप्प्यात खालीवर रचलेले. अशा जहाजानं लाल बावटा लावून धोका जाहीर करायचा, ही रीत. त्या दिवशी बावटा नव्हता.

१४ तारखेला दुपारी जेवणाची सुट्टी संपवून माथाडी परत आले, तेव्हा दोन नंबरच्या कप्प्यातून धूर येताना दिसला. शेजारच्या जहाजांवरच्या लोकांना तो त्याआधीच दिसला होता, असं पुढे चौकशीत निघालं. धक्क्यावर तैनात असलेल्या पथकानं लगेच नळ्या सोडल्या. पथकाच्या प्रमुखाला जहाजावर काय आहे ते कळलं आणि त्यानं अगदी योग्य तेच केलं. हाताखालच्या माणसाला पळवलं आणि सांगितलं, कंट्रोलला फोन करून मोठ्या धोक्याचा ठरलेला सांकेतिक निरोप दे. दारूगोळ्याचं जहाज पेटलंय हे एका शब्दात कळावं म्हणून असे निरोप आधीच ठरवलेले असतात.

तो माणूस धावत फोनपाशी गेला. फोनला डायलच नव्हती.

आता त्यानं काय करावं? समोर आगीच्या सूचनेची पेटी होती. काच फोडली की कंट्रोलमध्ये घंटा वाजते. त्यानं काच फोडली. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर हेच केलं असतं. पण पेटीला बोलता येत नाही. पेटी एवढंच सांगते की अमक्या ठिकाणी आग आहे. कचऱ्याचा ढीग पेटला की दारूगोळ्याचं जहाज, हे ती सांगू शकत नाही. २ वाजून १६ मिनिटांनी कंट्रोलला नेहमीची, साधी वर्दी मिळाली. साध्या वर्दीला जेवढे पाठवायचे तेवढे, म्हणजे दोन पंप निघाले.

इथे जरा थांबून हा हिशेब समजून घेऊ. कुठल्याही शहरात आगीची वर्दी आली की किती गाड्या पाठवायच्या हे त्या क्षणी कुणी विचार करून ठरवत नाही. तेवढा वेळच नसतो. आधीच ठरलेलं असतं: या भागात साधी वर्दी आली तर एवढे बंब, सिनेमा थिएटर किंवा इस्पितळ असेल तर एवढे, तेलाचा डेपो असेल तर एवढे आणि फेसाची गाडीही. ही पहिली तुकडी पोचते, तिचा अधिकारी डोळ्यांनी बघतो आणि उलटा निरोप देतो, की पुरेसं आहे, किंवा आणखी पाठवा. सगळी यंत्रणा या दोन निरोपांवर चालते: एक आगीपासून कंट्रोलला आणि दुसरा पहिल्या अधिकाऱ्याकडून कंट्रोलला. पहिला निरोप अर्धवट आला, तर दुसरा येईपर्यंतची सगळी मिनिटं वाया जातात.

गोदीत तसंच झालं. पहिल्या पंपांचा अधिकारी पोचला, दारूगोळा आहे हे कळलं, जादा कुमक मागवली गेली. ब्रिगेडचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः आले. बंबावर बंब आले, नळ्यांवर नळ्या लागल्या. जहाजात ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं गेलं. पण कापसाच्या दाबून बांधलेल्या गासडीत आग आत धुमसत असते, वरून पाणी मारून ती विझत नाही. जहाज बाहेर ओढून न्यावं की आहे तिथेच बुडवावं, यावर अधिकाऱ्यांत बोलणी चालली. निर्णय कुणी घ्यायचा हेच स्पष्ट नव्हतं. ३ वाजून ५० मिनिटांच्या सुमाराला ज्वाळा वर आल्या आणि जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. साधारण अर्ध्या तासानं दुसरा, पहिल्याहून मोठा. दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली.

ब्रिगेडचे ६६ जण गेले. बहुतेक सगळे जहाजाच्या अगदी लगत, धक्क्यावर, हातात नळी धरलेले. सरकारी आकड्यानुसार एकूण मृत ७०० हून अधिक, लोकांच्या अंदाजानं त्याहून कितीतरी जास्त. कूम्ब्स वाचले.

वर्दीपासून पहिल्या स्फोटापर्यंत एक तास पन्नास मिनिटं होती. डायल असती तर जहाज वाचलं असतं असं मी म्हणणार नाही. पण कुणी कुठे उभं राहायचं, किती जणांनी धक्क्यावर जायचं आणि किती जणांनी लांब थांबायचं, हे ठरवायला पहिली मिनिटं मिळाली असती. ती एका मुक्या पेटीनं खाल्ली.

आणि खरी परीक्षा स्फोटानंतर सुरू झाली. पेटलेला कापूस, तापलेलं लोखंड आणि जळती लाकडं आकाशातून वस्तीवर पडली. एका आगीच्या शेकडो आगी झाल्या: गोदीतली इतर जहाजं, वखारी, मांडवीकडची धान्याची कोठारं, गल्ल्यांमधली घरं. शहराला ब्रिगेडची सर्वांत जास्त गरज ज्या घटकेला होती, त्याच घटकेला ब्रिगेडचे कितीतरी जवान आणि बंब एकाच जागी उद्ध्वस्त होऊन पडले होते. लष्कर, नौदल, युद्धकाळासाठी उभं केलेलं सहाय्यक अग्निशमन दल आणि साधे स्वयंसेवक यांनी पुढचे तीन दिवस किल्ला लढवला. मग ८,००० माणसं सात महिने राबली, पाच लाख टनांच्या आसपास ढिगारा उपसला गेला, तेव्हा कुठे गोदी पुन्हा चालू झाली.

या शोकांतिकेतून अग्निशमनवाल्यांनी बरेच धडे घेतले. स्फोटकांच्या आगीत मोजकी माणसं पुढे, बाकीची हाकेच्या अंतरावर पण आडोशाला, हा त्यातला एक. मला आज बोलायचंय ते त्याच्याच जोडीच्या एका जुन्या प्रश्नाबद्दल. सगळे बंब एका आगीवर गेले, तर उरलेलं शहर कोण सांभाळणार?

हा प्रश्न पहिल्यांदा पद्धतशीर सोडवला तो अमेरिकेतल्या शहरांनी, कारण त्यांची शहरं लाकडाची होती आणि वारंवार जळत होती. १८५२ साली बॉस्टनमध्ये विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांनी तारायंत्रावर चालणाऱ्या सूचनापेट्या रस्त्यारस्त्यावर बसवल्या. पेटीचा खटका ओढला की आतलं दातेरी चाक फिरायचं आणि पेटीचा क्रमांक ठोक्यांत मोजून कळवायचं. बंबखान्यात घंटेचे ठोके मोजायचे, भिंतीवरचं कार्ड बघायचं, आपलं नाव असेल तर घोडे जुंपायचे. माझ्यासारख्या टेलिफोनवाल्याला यातली गंमत लगेच कळते: त्या काळात आवाज पाठवता येत नव्हता म्हणून त्यांनी आकडा पाठवला.

आता ते कार्ड बघा. न्यूयॉर्कसारख्या शहरात प्रत्येक पेटीचं वेगळं कार्ड असायचं. पहिल्या वर्दीला कोणते बंब आणि कोणत्या शिड्यांच्या गाड्या जाणार ते त्यावर लिहिलेलं. आग आवरली नाही तर दुसरी वर्दी, मग तिसरी, अशी पाचपर्यंत. प्रत्येक पायरीला कोण निघणार, तेही लिहिलेलं. पण त्याच कार्डावर आणखी एक रकाना असायचा आणि माझ्या मते खरी अक्कल त्या रकान्यात होती. त्यात लिहिलेलं असायचं की अमुक बंबखाना रिकामा झाला की तमुक ठिकाणच्या बंबानं तिथे जाऊन बसायचं. आगीवर जायचं नाही, दुसऱ्याच्या रिकाम्या घरात जाऊन बसायचं.

विचार करा, त्या जवानांचं काय होत असेल. तिकडे आकाश लाल झालंय, आपले सोबती तिथे झुंजताहेत आणि आपल्याला हुकूम काय, तर दुसऱ्याच्या बंबखान्यात जाऊन बाकावर बसा. रस्ते अनोळखी, माणसं अनोळखी. कधी रात्रभर एकही वर्दी येत नाही आणि सकाळी परत. पण एखाद्या रात्री तिथल्या चाळीत स्टोव्ह भडकतो आणि तीन मिनिटांत हाच पाहुणा बंब दारात येतो. चाळीतल्या लोकांना हे कधीच कळत नाही की तो पाहुणा होता.

कार्डाची पद्धत शंभर वर्षं छान चालली. मग १९६० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये ती कोलमडली. ब्रॉन्क्स आणि ब्रुकलिनच्या गरीब वस्त्यांत आगी इतक्या वाढल्या, की एका रात्री तीन-चार मोठ्या आगी एकदम लागायच्या. कार्ड लिहिणाऱ्यानं मनाशी धरलेलं असायचं की आग एकच आहे आणि बाकीचे बंब आपापल्या घरी आहेत. प्रत्यक्षात कार्ड म्हणायचं, अमक्या बंबाला रिकाम्या जागी बसवा, आणि तो बंब केव्हाच दुसऱ्या आगीवर गेलेला असायचा.

१९६९ साली न्यूयॉर्क शहर आणि रँड नावाची संशोधन संस्था यांनी मिळून एक केंद्र काढलं. तिथल्या पीटर कोलेसर आणि वॉरन वॉकर यांनी या भरपाईच्या प्रश्नावर गणित मांडलं आणि ते १९७४ मध्ये छापून आलं. त्याचा गाभा आपल्याला घरबसल्या समजेल असा आहे. शहरातल्या प्रत्येक ठिकाणासाठी सर्वांत जवळचे दोन-तीन बंब कोणते ते बघायचं. ते सगळेच्या सगळे बाहेर असतील तर ते ठिकाण उघडं पडलं असं समजायचं. मग लांबच्या कोणत्या बंबाला तिथे हलवलं तर उघडी जागा झाकली जाईल आणि त्याची स्वतःची जागा उघडी पडणार नाही, हे संगणकानं काही सेकंदांत सुचवायचं. शेवटचा हुकूम माणसाचाच.

त्याच गटानं आणखी एक नियम दाखवून दिला, तो मला फार आवडतो. बंबाला सरासरी किती अंतर जावं लागेल, हे उपलब्ध बंबांच्या वर्गमुळावर अवलंबून असतं. समजा एका भागात सोळा बंब आहेत. त्यातले बारा मोठ्या आगीवर गेले, चार उरले. बंब एक चतुर्थांश झाले म्हणून अंतर चौपट होतं का? नाही, दुप्पट होतं. म्हणजे चार बंबांतही शहर बऱ्यापैकी सांभाळता येतं, पण एका अटीवर: ते चार सगळीकडे पसरलेले हवेत. चारही शहराच्या एकाच टोकाला उरले असतील, तर दुसऱ्या टोकाचं घर देवाच्या भरवशावर. उरलेल्यांना पसरवणं म्हणजेच ते दुसऱ्याच्या घरात जाऊन बसणं.

याच गणिताची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच संस्थेची मॉडेलं हाताशी धरून पैसे वाचवण्यासाठी न्यूयॉर्कनं १९७० च्या दशकात काही तुकड्या बंद केल्या, आणि त्यातल्या कितीतरी ज्या वस्त्या सर्वांत जास्त जळत होत्या तिथल्याच होत्या. कागदावर सरासरी अंतर ठीक दिसत होतं. पण सरासरीत राहतं कोण? माणूस राहतो एका विशिष्ट गल्लीतल्या एका विशिष्ट मजल्यावर. हा वाद तिथे अजून मिटलेला नाही. गणित चांगला नोकर आहे, पण बंबखाना बंद करायचा की नाही हे त्याला विचारायला गेलं तर आधी प्रश्न कोण विचारतोय ते बघावं.

शहराचं सगळं बळ कमी पडलं की मग शेजाऱ्यांकडे हात पसरायचा. इथेही एक धडा आहे, बाल्टिमोरचा. ७ फेब्रुवारी १९०४, रविवारची सकाळ. व्यापारी पेठेत आग लागली आणि हाताबाहेर गेली. तारा गेल्या, वॉशिंग्टनहून बंब आगगाडीवर चढवून काही तासांत हजर, मग फिलाडेल्फियाचे, न्यूयॉर्कचे. शेजारधर्म असावा तर असा! पण बाहेरून आलेल्या कितीतरी नळ्यांची तोंडं बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. प्रत्येक शहराचे आटे वेगळे. माणसं आली, यंत्रं आली, पाणीही होतं, आणि तरी नळी जोडता येईना. सुमारे तीस तासांत पंधराशेहून अधिक इमारती गेल्या. त्यानंतर तिथे आट्यांचं एक राष्ट्रीय प्रमाण ठरलं. मदतीची इच्छा असून भागत नाही, शांततेच्या काळात आटे जुळवून ठेवावे लागतात.

आता आपल्याकडे या. मुंबईत आज आगीच्या श्रेणी ठरलेल्या आहेत, एक-दोन-तीन अशा चढत्या, आणि सर्वांत वर 'ब्रिगेड कॉल'. बातम्यांत तुम्ही ऐकता की अमक्या इमारतीची आग तीन नंबरची जाहीर झाली. तो आकडा घाबरवण्यासाठी नसतो. किती गाड्या, किती टँकर, कोणते अधिकारी निघणार, हे सगळं त्या एका आकड्यात भरलेलं असतं. फोर्ट स्टिकीनच्या वेळी पळत गेलेल्या त्या माणसाला जो एक शब्द कंट्रोलपर्यंत पोचवता आला नाही, तोच हा शब्द. भायखळ्याच्या मुख्यालयात त्या ६६ जणांचं स्मारक आहे. मुंबईला गेलात तर जरूर बघा.

आणि आपलं बडोदं? १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, मग खताचा कारखाना, पेट्रोकेमिकल्स, नंदेसरीची वसाहत. आपल्यापैकी कितीतरी घरं या कारखान्यांच्या पगारावर उभी राहिली. म्हणजे मुंबईच्या गोदीसारखंच जळाऊ सामान आपल्याही उशाशी आहे. ११ नोव्हेंबर २०२४ च्या दुपारी कोयलीच्या रिफायनरीत बेन्झिनच्या टाकीचा स्फोट झाला आणि दोन माणसं गेली. धुराचा काळा खांब शहरातून दिसत होता. आग पूर्ण विझायला दुसऱ्या दिवसाची पहाट झाली. अशा आगीला कारखान्याचे स्वतःचे बंब आधी भिडतात, मग आजूबाजूच्या कारखान्यांचे आणि शहराचे मदतीला येतात. कोण कुणाला किती गाड्या आणि किती फेस देणार, हे आधी लिहून ठेवलेलं असतं. बाल्टिमोरचे आटे आपल्याकडे असे कागदावर आणि कवायतीत जुळवले जातात.

त्या संध्याकाळी सगळ्यांची नजर कोयलीकडे होती आणि ते साहजिकच आहे. माझ्या मनात मात्र दुसरंच चालू होतं. या घटकेला रावपुऱ्यात, वाडीत, मांडवीच्या एखाद्या पोळीत गॅसचा नळ पेटला तर? त्या चिंचोळ्या गल्लीच्या तोंडाशी पोचायला कोण मागे उभं आहे? कुणीतरी असणारच. कुणीतरी मुद्दाम उभं ठेवलेलं असणार आणि त्याला आज कुणी शाबासकी देणार नाही.

म्हणून त्या तक्रारीबद्दल मला एवढंच सांगायचंय. मोठ्या आगीच्या दिवशी जो बंब नुसता उभा दिसतो, तो बहुतेक वेळा कामावरच असतो. तो तुमच्या घराची राखण करत असतो, ज्या घराला अजून आग लागलेली नाही. आगीवर गेलेल्याचा फोटो छापून येतो, राखणीला बसलेल्याचा येत नाही. खरी तक्रार करायची असेल तर ती वेगळी आहे. आपलं शहर चहूबाजूंनी वाढलं, लोकवस्ती कुठल्या कुठे गेली, त्या प्रमाणात बंबखाने, गाड्या आणि भरलेल्या जागा वाढल्या का? राखणीला ठेवायला मुळात कुणी उरतं का? हा प्रश्न नगरसेवकाला विचारण्यासारखा आहे आणि आग नसताना विचारण्यासारखा आहे.

आणि आपल्या हातात जे आहे ते फोनवरचं. वर्दी देताना घाईत "आग लागली, लवकर या" म्हणून फोन ठेवू नका. समोरच्याला चार गोष्टी कळू द्या: नेमकी जागा आणि जवळची खूण, काय पेटलंय, आत कुणी अडकलंय का, आणि गॅसचे बाटले, केमिकल, फटाके असलं काही आहे का. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. मग तो विचारेल त्याचं उत्तर द्या आणि त्यानं ठेवला की आपण ठेवा. डायल नसलेल्या फोनचा जमाना गेला. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, तेव्हा वर्दी मुकी राहायला काही कारण नाही. घरातल्या मुलांना एकदा १०१ आणि ११२ हे दोन्ही आकडे तोंडपाठ करून घ्या आणि आपला पत्ता मोठ्यानं नीट सांगायची सवय लावा. आमच्या नातवाला पत्ता सांग म्हटलं तर म्हणाला, "लोकेशन पाठवतो ना आजोबा." १०१ ला लोकेशन नाही पाठवता येत रे बाबा, तिथे तोंडानंच सांगावं लागतं.

आपल्या ग्रुपवर बडोद्याचे आहेत तसे इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगावचेही आहेत. तुमच्या घरातलं कुणी बंबखान्यात नोकरीला होतं का? रात्रभर दुसऱ्या ठाण्यात राखणीला बसून सकाळी घरी आलेल्या वडिलांची, काकांची काही आठवण असेल तर अवश्य लिहा. विझवलेल्या आगींच्या गोष्टी सांगायला पुष्कळ जण असतात. काही न घडलेल्या रात्रींच्या गोष्टी फक्त त्यांच्या घरच्यांनाच माहीत असतात.